इंग्लंडमधील खेड्यातल्या जुन्या पबची बांधणी नेमकी कशी असते?

प्रश्न : गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. मी अंतर्गत सजावटीची आणि लहान बांधकामांची कामे करतो. माझ्या मावसभावाची गंगापूर धरणाच्या रस्त्याला जागा आहे आणि तिथे उपाहारगृह काढण्याचे त्याने नक्की केले आहे. ते इंग्लंडच्या खेड्यातील तीन-चारशे वर्षांच्या पबसारखे असावे, असा त्याचा हट्ट आहे. कंत्राटदाराने सुचवलेला मार्ग सोपा आहे : नेहमीचा आरसीसी सांगाडा उभा करायचा, भिंतींना पांढरी पुट्टी करून त्यावर काळ्या रंगाच्या फायबरच्या पट्ट्या उभ्या, आडव्या आणि तिरप्या चिकटवायच्या, आणि आत छताला पोकळ तुळया लावायच्या. जुनेपणा यावा म्हणून छत थोडे वाकडे करून देण्याचीही त्याची तयारी आहे. त्याने दाखवलेले संगणकावरचे चित्र मला लग्नाच्या मांडवाच्या कमानीसारखे वाटले, परंतु ते तसे का वाटते हे भावाला समजावून सांगणे मला जमलेले नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. त्या मूळ इमारतींमध्ये लाकूड खरोखर भार घेते की ती केवळ नक्षी असते? छत इतके खाली का असते, भिंती काळ्या-पांढऱ्याच का असतात, आणि ग्राहक जिथे उभे राहतात तो बारचा ओटा पहिल्यापासून होता का? यांपैकी नाशिकच्या हवेत आणि बेताच्या खर्चात प्रामाणिकपणे काय करता येईल, हेही कुणी सांगितले तर उपकार होतील. चित्रे मी शेकडो पाहिली आहेत. मला त्यांच्यामागचे कारण हवे आहे.

प्रतिसाद : चुनखडी

मी जुन्या नाशकातील वाड्यांच्या दुरुस्तीची कामे करतो आणि शिक्षणाच्या निमित्ताने इंग्लंडमधील लाकडी चौकटीच्या इमारती मला जवळून पाहता आल्या, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आज खेड्यातला पब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या इमारतींपैकी पुष्कळशा पब म्हणून बांधल्याच गेल्या नव्हत्या. कुठे ते शेतकऱ्याचे घर होते, कुठे चर्चच्या उत्सवासाठी एल ही बिअर तयार करण्याचे गावाचे सामाईक घर होते, तर कुठे मठाने प्रवाशांसाठी बांधलेले उतरण्याचे ठिकाण होते. सॉमरसेटमधील नॉर्टन सेंट फिलिप या गावचा ‘जॉर्ज’ हा शेवटच्या प्रकारातला. शेजारच्या हिंटन येथील कार्थुजियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठाने तो लोकरीच्या व्यापाऱ्यांची सोय म्हणून उभारला. त्याचा तळमजला दगडी असून त्यावर १५व्या शतकातील लाकडी चौकटीचे दोन मजले आहेत, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा रस्त्याकडे झुकून पुढे आलेला आहे. पुढे १८३० च्या कायद्याने दोन गिनींच्या परवान्यावर कोणाही करदात्या घरमालकाला बिअर विकण्याची मुभा दिली, तेव्हा अनेकांनी राहत्या घराची पुढची खोलीच गिऱ्हाइकांना उघडून दिली. त्यामुळे ‘पबचा नकाशा’ असा काही ठरीव नकाशा शोधायला गेलात तर तो सापडणार नाही; सापडते ते घर, आणि त्या घरात शतकानुशतके होत गेलेले बदल.

आता सांगाड्याकडे येऊ. लाकूड भार घेते का, तर संपूर्ण भार तेच घेते. भिंत केवळ मधली जागा भरते. दगडी जोत्यावर आडवे लाकूड बसवलेले असते, त्यावर खांब, खांबांवर तुळया, आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे आधार. दोन चौकटींमधले अंतर म्हणजे एक खण, आणि आपल्या वाड्यांप्रमाणेच तिथेही घराचा आकार खणांत मोजला जाई. आपल्याकडे सागवान, त्यांच्याकडे ओक. ओक वाळला की इतका टणक होतो की पटाशी नीट चालत नाही, म्हणून सुतार तो ओला असतानाच घडवत. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची आणि दोन्हींतून आरपार ओकचीच खुंटी ठोकायची, ही मूळ जोडणी होय. दोन्ही लाकडांतली छिद्रे मुद्दाम केसभर चुकवून पाडत, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आपोआप आवळला जाई. ओकमधील टॅनिन लोखंडाला खाऊन टाकते, त्यामुळे खिळ्यांवर भिस्त ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

चौकट आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवी मांडून जुळवत, प्रत्येक सांध्यावर खूण कोरत, मग सगळे सुटे करून गाडीने जागेवर नेत आणि खुणा जुळवून उभे करत. या खुणा बहुधा रोमन अंकांच्या असतात, कारण पटाशीच्या सरळ घावांनी ते चटकन कोरता येतात. चार खांबांवर पाठोपाठ १, २, ३, ४ दिसले तर चौकट मूळ जागी आहे असे समजायला हरकत नाही. मध्येच क्रम तुटला तर लाकूड बदललेले आहे किंवा दुसऱ्या इमारतीतून आणलेले आहे. इमारतीचे वय ठरवण्यासाठी आता लाकडाच्या वाढीची वलये मोजण्याची पद्धत वापरतात आणि साल शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडले इथपर्यंत सांगता येते. लाकूड ओलेच वापरत असल्यामुळे तोडीनंतर वर्ष-दोन वर्षांत घर उभे राहिले असावे, असा त्यावरून तर्क करतात.

तुमचा कंत्राटदार छत वाकडे ‘करून देणार’ आहे, त्याचे मूळ इथे आहे. ओले ओक पुढची अनेक वर्षे वाळत, आकसत आणि पिळवटत राहते. सांधे घट्ट असल्यामुळे इमारत पडत नाही, पण सगळी चौकट एकत्र कलते. म्हणजे तो कल प्रत्येक सांध्यात एकाच दिशेने आणि एकाच कारणाने आलेला असतो. सुट्या पट्ट्या हव्या तशा तिरक्या चिकटवल्या की डोळ्याला खोटेपणा जाणवतो तो यामुळेच. भावाला एवढेच विचारा की चित्रातली प्रत्येक पट्टी कुठून निघते आणि कुठे टेकते. खऱ्या चौकटीत तिरपा आधार खांबातून निघून तुळईत जातो. हवेत सुरू होऊन खिडकीच्या डोक्यावर संपणारे लाकूड तिथे तुम्हाला आढळणार नाही.

काळ्या-पांढऱ्या रंगाविषयी लोकांचा मोठा गैरसमज आहे. ती बरीचशी एकोणिसाव्या शतकातील आवड आहे. त्याआधी अनेक ठिकाणी ओक उघडाच ठेवत आणि तो हवेने रुपेरी करडा होई. किंवा भिंतीला चुन्याचा हात देताना लाकडावरूनही तोच कुंचला फिरे, त्यात कधी गेरू तर कधी पिवडी मिसळलेली असे. मधली भरती म्हणजे आपल्या कुडाच्या भिंतीचाच प्रकार : ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझल या झुडपाच्या लवचीक फांद्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण व चिरलेला पेंढा यांचा लेप. पुढे विटा स्वस्त झाल्यावर अनेकांनी कूड काढून विटा भरल्या, काहींनी त्या तिरप्या नक्षीत रचल्या. विटांनी चौकटीवर वजन वाढते आणि विटा व लाकूड यांच्या फटीत पाणी मुरते, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला ती नक्षी फारशी आवडत नाही.

प्रदेशाप्रमाणे चेहराही बदलतो. पूर्वेकडे उभे खांब अगदी दाट लावलेले दिसतात, कारण जास्त लाकूड वापरणे ही श्रीमंती होती. पश्चिम मिडलंड्समध्ये मोठे चौकोन दिसतात, आणि तिकडेच वाकडे झाड उभे चिरून त्याच्या दोन फाका जमिनीपासून थेट छपराच्या टोकापर्यंत जोडीने उभ्या केलेल्या आढळतात. कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यात गेलात तर पब पिवळसर चुनखडीचा असेल, नॉरफोकमध्ये गारगोटीचा, डेव्हनमध्ये माती-पेंढ्याच्या जाड भिंतींचा. गाडीला जे जवळ मिळे ते वापरले जाई. म्हणून ‘इंग्लिश पब म्हणजे काळ्या पट्ट्या’ हे समीकरण इंग्लंडलाच लागू पडत नाही.

प्रतिसाद : आडवाट

चुनखडी यांनी सांगाडा सविस्तर सांगितला आहे, त्यामुळे मी आतल्या बाजूविषयी लिहिते. आम्ही वूस्टरशरमध्ये ईव्हशमजवळ काही वर्षे राहत होतो आणि ब्रेटफर्टन गावचा ‘फ्लीस’ हा पब आमच्या नेहमीच्या जाण्यायेण्यातला होता. १५व्या शतकाच्या सुरुवातीला ते एका शेतकऱ्याचे घर म्हणून बांधले गेले, माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत, आणि १८४८ मध्ये त्याच घराण्यातील वंशजाने त्याचा पब केला. त्या घराण्यातील शेवटच्या मालकीणबाई लोला टॅप्लिन यांनी १९७७ मध्ये मृत्युपत्राने तो नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिला. बटाट्याचे वेफर्स तिथे कधी विकू नयेत अशी त्यांची ताकीद होती, असे गावात सांगतात. २००४ साली आग लागून छपराचे आणि वरच्या मजल्याचे फार नुकसान झाले. पुढच्या वर्षी दुरुस्त होऊन तो पुन्हा सुरू झाला.

आत शिरल्यावर एक मोठे दालन दिसेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते, कारण तिथे आहेत त्या लहान लहान खोल्या. फरशी दगडी, पायांनी झिजून मधोमध खोलगट झालेली. चुलाण्यासमोरच्या फरशीवर पांढरी वर्तुळे काढलेली आहेत आणि ती वेळोवेळी पुन्हा उजळली जातात. धुराड्यातून चेटकीण घरात उतरू नये म्हणून ही राखण, अशी समजूत होती. चुलाण्यावरच्या आडव्या लाकडांवर मेणबत्तीच्या ज्योतीने केलेले थेंबाच्या आकाराचे जळके डाग अनेक जुन्या घरांत आढळतात. निष्काळजीपणाने पडलेले डाग असे दिसत नाहीत. ज्योत एकाच कोनात बराच वेळ धरल्याशिवाय ओक इतका खोल जळत नाही, हे प्रयोग करून पाहिलेले आहे. एका खोलीत जस्तासारख्या दिसणाऱ्या प्यूटरच्या जुन्या ताटल्या मांडणीवर ओळीने लावलेल्या असतात. उंच पाठीची लाकडी बाके चुलाण्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्यांची पाठ उंच असण्याचे कारण शोभा नव्हे. दार उघडले की येणारा गार वारा मानेला लागू नये एवढ्यासाठी ती तशी केलेली असते.

आता छत खाली का, याचे उत्तर. मध्ययुगातील असे घर आतून छपरापर्यंत मोकळे असे. मधोमध जमिनीवर विस्तव पेटे आणि धूर छपरातून वाट काढून जाई. आजही माळ्यावर चढून पाहिले तर अशा घरांच्या जुन्या वाशांवर काजळीचा जाड थर दिसतो, आणि खाली चांगले विटांचे धुराडे असताना वर काजळी कशी, असा प्रश्न पडला की समजावे की धुराडे नंतरचे आहे. १६व्या शतकापासून विटांची धुराडी बांधली जाऊ लागली, धूर एका वाटेने जाऊ लागला, आणि मग त्या उंच मोकळ्या जागेत मधेच एक मजला घातला गेला. मूळ चौकट त्या मजल्याचा विचार करून बांधलेली नव्हती. जिथे जागा मिळाली तिथे तो बसवला, आणि म्हणून खालच्या खोलीत उंच माणसाचे डोके तुळईला लागते. या नंतरच्या तुळयांच्या कडा तासून उतरत्या केलेल्या असतात आणि खांबाजवळ येताना तो उतार एखाद्या लहान नक्षीत थांबवलेला असतो. नक्षीच्या तऱ्हेवरून जाणकार लोक शतक ओळखतात. शिवाय खोली उबदार ठेवायला जळण कमी लागे, हा फायदा वेगळाच.

बारच्या ओट्याविषयी सांगायचे तर तो खेड्यातल्या पबमध्ये अगदी अलीकडचा, बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातला आहे. त्याआधी मालकीण किंवा नोकर तळघरातल्या पिंपातून मोठ्या चंबूत बिअर भरून आणून बसलेल्या माणसाला देई, म्हणजे ते घरात पाहुण्याला द्यावे तसेच चाले. पुढे जिन्याच्या तोंडाशी किंवा बोळात एक खिडकी ठेवून तिच्यातून पेले दिले जाऊ लागले, आणि ती खिडकी रुंदावत ओटा झाला. जमिनीखाली पाणी लवकर लागत असेल तर तळघर न खणता उत्तरेकडची थंड खोली पिंपांसाठी ठेवत. बिअरला साधारण ११ ते १३ अंश सेल्सियस तापमान मानवते. १९६० आणि ७० च्या दशकांत मधल्या भिंती पाडून एकच मोठी खोली करण्याची लाट आली, कारण एका ओट्यामागून सगळीकडे लक्ष ठेवता येते. त्या लाटेत पुष्कळ चांगल्या खोल्या गेल्या. जिथे ग्राहकांना आजही तीन-चार पायऱ्या चढून उतरून दुसऱ्या खोलीत जावे लागते, ती जागा त्यातून वाचलेली आहे.

गंगापूररोडकर, माझ्या मते तुमच्या भावाला पट्ट्यांपेक्षा या खोल्या जास्त उपयोगी पडतील. भिंतीवर काहीही न चिकटवता, आठ-दहा माणसांच्या तीन खोल्या, खिडक्या लहान आणि खोल, बसायला भिंतीला लागून बाके, एवढे केले तरी निम्मे काम होईल.

प्रतिसाद : सातपूरचा सुतार

आमच्या घरी तीन पिढ्यांपासून लाकडाचे काम आहे, त्यामुळे व्यवहाराचे तेवढे सांगतो. ओक बाहेरून आणणे परवडणार नाही आणि आपल्या हवेत त्याची गरजही नाही. जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांचे सागवान बाजारात येते. त्याचा आकस कधीच होऊन गेलेला असतो आणि गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. मात्र जुना खांब घेताना टोकाला पटाशी टोचून पाहावी, कारण जमिनीकडचे टोक आतून पोकळ झालेले असते आणि वरून रंधा मारून विकणारे पुष्कळ आहेत. नवे सागवान घेतलेत तर बाहेरचा फिकट भाग काढूनच घ्या, त्यातच कीड शिरते.

सगळी इमारत लाकडी करू नका. बाहेरचा सांगाडा आरसीसीचा राहू द्या आणि आतल्या एका मोठ्या खोलीपुरती दोन-तीन खणांची खरी चौकट उभी करा, जी निदान वरच्या पोटमाळ्याचा भार खरोखर घेईल. खांब आठ इंची चौरसापेक्षा बारीक नको. त्याहून बारीक केला की जोडाची खाच पाडल्यावर त्यात काही उरत नाही. खांब थेट फरशीत पुरू नका, खाली दगडाचा तळखडा द्या. लाकडी खुंटीची जोडणी करणारे कारागीर अजून आहेत, पण ते रोजावर येतात. तुमच्या कंत्राटदाराने फुटाचा भाव मागितला तर त्यांचे आणि त्याचे पटणार नाही, हे आधीच ध्यानात घ्या. रंगाऐवजी जवसाचे तेल द्या. काळा ऑइल पेंट दिलात की ते फायबरच आहे असे सगळे म्हणतील.

प्रतिसाद : तिरपा कोन

चर्चा चांगली चालली आहे, परंतु एका गोष्टीला हरकत घ्यावीशी वाटते. नक्कल म्हणजे पाप, असा सूर इथे लागतो आहे आणि तो इंग्लंडच्या इतिहासाशी जुळत नाही. १९२० आणि ३० च्या दशकांत तिथल्या बिअर कंपन्यांनी शेकडो पब जुन्या ट्यूडर (म्हणजे मुख्यतः १६व्या शतकातील) घरांच्या धर्तीवर नव्याने बांधले. बर्मिंगहॅमच्या नॉर्थफील्ड भागातला ‘ब्लॅक हॉर्स’ १९२९ चा आहे. मोटारने फिरायला निघणाऱ्या मध्यमवर्गासाठी तो एखाद्या जमीनदाराच्या वाड्याएवढा मोठा बांधला, आणि आज त्याला ग्रेड दोन-तारांकित, म्हणजे वरून दुसऱ्या दर्जाचे कायदेशीर संरक्षण आहे. नक्कल असूनही हा मान त्याला मिळाला, कारण तिथे लाकूड, दगड आणि कोरीवकाम खरे होते आणि बांधणाऱ्याला आपण कशाची नक्कल करतो आहोत हे नीट ठाऊक होते. तेव्हा गंगापूर रस्त्यावर ट्यूडर घर उभे राहिले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही; फक्त कंत्राटदाराचे चित्र ब्लॅक हॉर्सच्या जातीचे नाही, एवढेच.

वाकडेपणाविषयी मात्र चुनखडी यांच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि एक उदाहरण जोडतो. स्टॅफर्डशरमधील हिमली येथील ‘क्रुकेड हाउस’ हे १७६५ चे शेतघर पुढे पब झाले. खाली कोळशाच्या खाणी असल्यामुळे त्याची एक बाजू खचली आणि ते इतके कलले की आतल्या पट्टीवर ठेवलेली गोटी चढावर गेल्यासारखी दिसे. ते वाकडेपण खाणीने दिलेले होते आणि त्यामुळेच लोक लांबून पाहायला येत. त्या घराचे नाव संरक्षित इमारतींच्या यादीत नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला आग लागली आणि दोन दिवसांत ते जमीनदोस्त केले गेले; फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थानिक परिषदेने ते होते तसे पुन्हा बांधण्याचा आदेश काढला. लंडनमधील ‘कार्लटन टॅव्हर्न’ २०१५ मध्ये परवानगीशिवाय पाडला गेला होता, तोही असाच आदेश निघून विटेला वीट जुळवत उभारावा लागला आणि २०२१ मध्ये उघडला.

शिवाय १९४७ पासून तिथे संरक्षित इमारतींची यादी ठेवण्याची व्यवस्था आहे. आज तीत सुमारे चार लाख नोंदी आहेत, १७०० पूर्वीची जी इमारत बऱ्यापैकी मूळ स्थितीत उरली आहे ती बहुधा तीत येते, आणि संमतीशिवाय आतली भिंत हलवणे हादेखील फौजदारी गुन्हा ठरतो. आपल्याकडे नाशिकचा सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे; त्याच्या अवतीभवतीच्या बहुतेक खाजगी वाड्यांना पावसाळ्यापूर्वी येते ती धोकादायक इमारतीची नोटीस. सातपूरच्या सुतारांनी ज्या सागवानाचा उल्लेख केला ते कुठून येते, हे यावरून लक्षात येईल. मी ते घेऊ नका असे म्हणत नाही. वाडा पडल्यावर खांब भट्टीत जाण्यापेक्षा तुमच्या भावाच्या खोलीत उभा राहिलेला बरा.

उपप्रश्न : गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. ‘पट्टी कुठून निघते आणि कुठे टेकते’ हे वाक्य भावाला आणि कंत्राटदाराला एकत्र बसवून ऐकवले. कंत्राटदार गप्प झाला आणि भाऊ एका खोलीपुरती खरी चौकट करायला तयार झाला आहे. दोन गोष्टींवर तो अजून अडून बसला आहे. त्याला गवताचे छप्पर हवे आहे, आणि बसून गप्पा मारता येतील असे मोठे चुलाणेही हवे आहे. नाशिकला यातले काय चालेल? शिवाय भिंतींना पुट्टीऐवजी चुना वापरायचा तर त्याचा काही प्रत्यक्ष फायदा आहे की तो हौसेचा भाग आहे?

प्रतिसाद : चुनखडी

चुन्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात हौस कमी आणि गरज जास्त आहे. लाकूड आणि भरती यांच्यामध्ये फट राहणारच, तिच्यातून ओल आत येणारच. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर टाकतो, सिमेंटचा गिलावा ती आत कोंडून ठेवतो. विसाव्या शतकात अनेक इंग्लिश खेड्यांत जुन्या भिंतींवर सिमेंट चढवले गेले, आणि काही वर्षांनी ते उकलले तेव्हा जोत्यावरचे आडवे लाकूड हाताने कुस्करता येईल इतके कुजलेले निघाले. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, ती आजही नव्यासारखे करून टाकण्यापेक्षा जेवढे बिघडले तेवढेच दुरुस्त करा आणि जुन्या भिंतीला चुनाच लावा, असे सांगते. तुमची भरती आतल्या खोलीत असल्यामुळे ओलीचा प्रश्न सौम्य आहे, तरीही लाकडाला लागून असलेल्या भागात चुनाच घ्या. चुन्याच्या घाण्यात नीट मळलेला आणि पुरेसा मुरलेला चुना असेल तर त्याला पुट्टीचा गुळगुळीतपणा येत नाही, गवंड्याच्या हाताची लहर त्यात राहते आणि खिडकीतून तिरपा प्रकाश आला की ती दिसते. कंत्राटदार ती घासून सपाट करायला निघेल. त्याला करू देऊ नका.

गवताचे छप्पर माझ्या मते सोडून द्यावे. इंग्लंडमध्ये ते गव्हाच्या काडाचे किंवा पाणथळ जागेतील नळगवताचे असते, त्याचा उतार साधारण ५० अंशांचा ठेवतात म्हणजे पाणी वरच्या थरांतूनच निथळून जाते, आणि तरीही छपराचा माथा ठरावीक वर्षांनी नव्याने बांधावा लागतो. तिथे पाऊस रिमझिम असतो. आपल्याकडे जुलैमध्ये तो कोसळतो, आणि त्याआधीच्या एप्रिल-मे महिन्यांत तेच गवत ठिणगीची वाट पाहत वाळलेले असते. स्वयंपाकघर असलेल्या सार्वजनिक जागेवर ते घालायला अग्निशमन विभाग संमती देईल असे मला वाटत नाही. शिवाय खेड्यातल्या पबला गवतच हवे असे कुठे आहे? केंट आणि ससेक्समध्ये हाताने थापलेली सपाट मातीची कौले असतात, कॉट्सवोल्ड्समध्ये दगडी चिपा असतात, त्याही खालच्या ओळीत मोठ्या आणि माथ्याकडे लहान होत गेलेल्या. तुम्ही आपलीच हातकौले घ्या, उतार मात्र ४५ अंशांच्या खाली आणू नका. इंग्लिश छपराचा भारदस्तपणा कौलापेक्षा उतारात जास्त असतो.

चुलाण्याचे मात्र भाऊ म्हणतो ते करता येण्यासारखे आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशकात रात्री चांगली थंडी पडते, निफाडकडे तर विचारायलाच नको, त्यामुळे दोन महिने तरी ते पेटवता येईल. मूळ रचना अशी की भिंतीत सात-आठ फूट रुंदीची खोल कमान, आत एका बाजूला मीठ कोरडे राहावे म्हणून लहान कोनाडा, दुसऱ्या बाजूला पावाची भट्टी, आणि विस्तवाच्या दोन्ही कडांना माणूस बसेल एवढे ओटे. तुम्ही भट्टी वगळा, ओटे ठेवा. एवढ्या मोठ्या तोंडाचे चुलाणे धूर ओढत नाही ही जुनी तक्रार आहे आणि तिच्यामुळेच पुढे अनेक ठिकाणी आत लहान जाळी बसवून बाकीचे तोंड बुजवले गेले. तुम्ही पहिल्यापासूनच आत लहान लोखंडी शेगडी ठेवून तिच्यावर वेगळे धुराडे घ्या, ते छपराच्या माथ्यापेक्षा वर न्या, आणि बाकीची कमान बसण्यासाठी मोकळी ठेवा.

कमानीवरचे आडवे लाकूड हा त्या खोलीतला सगळ्यात मोठा ओंडका असतो, कारण वरच्या धुराड्याचे विटांचे वजन त्याच्यावर येते. तुमच्याकडे ते वजन आरसीसीच्या तुळईवर घ्या आणि लाकूड तिच्यापुढे बसवा, पण त्याची दोन्ही टोके भिंतीत निदान नऊ इंच तरी आत जाऊ द्या आणि शेगडीच्या धुराड्यापासून ते पुरेसे लांब ठेवा. नुसते पुढून चिकटवलेत तर पुन्हा तोच प्रश्न येईल की हे टेकते कुठे. खणांची मापे ठरली की नकाशा इथे टाका; पोटमाळ्याची उंची आणि चुलाण्याची जागा यांचा मेळ बसतो का ते पाहून सांगतो, कारण धुराडे चौकटीच्या मधोमध आले तर एक तुळई कापावी लागेल, आणि ते लाकूड आणण्याआधीच कळलेले बरे.